कोऱ्या पाण्यातला निळा रंग

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर सगळे बाई म्हणत, पाठीमागे मास्तरीणबाई, आणि कुणी फारच चिडलं की हेडमास्तरीण. त्यात खोटं काही नव्हतं. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून, पोरांच्या वह्यांवर लाल शाई ओतून, ही बाई चांगली कायमची नोकरी सोडून स्वतःच विद्यार्थिनी व्हायला आली होती. लोकांनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? नवऱ्याने तेवढं विचारलं नाही. तो पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचा. म्हणाला, "जायचंय ना, मग जा. फक्त घरी येऊन मला ते समजावून सांगत बसू नकोस." पुढची चार वर्षं बाई जेवताना रोज त्याला तेच समजावून सांगत बसल्या, आणि तो बिचारा भाजीत लक्ष असल्यासारखं दाखवून सगळं ऐकत राहिला.

या सगळ्याचं मूळ होतं शाळेच्या बोअरवेलमध्ये. एकदा तपासणीवाले आले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले, आणि महिन्याभराने येऊन पंपावर लाल रंगाची फुली मारून गेले. आजूबाजूच्या शेतांत वर्षानुवर्षं टाकलेलं खत जमिनीत मुरलं होतं आणि त्याचं नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं होतं. पाणी दिसायला काचेसारखं, प्यायला गोड, पण तान्ह्या पोरांच्या जिवावर उठणारं. सातवीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, मग काढून टाका ना ते." बाईंनी पुस्तकातलं उत्तर दिलं. मुलगी खाली बसली. बाईंना मात्र त्या उत्तराने काही केल्या चैन पडेना.

तर काम असं होतं. पाण्यातलं नायट्रेट नुसतं काढायचं नाही, उजेडाच्या जोरावर त्याचा अमोनिया करायचा. अमोनिया म्हणजे परत खतच. "म्हणजे शेतातून वाहून गेलेलं शेतातच परत," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"म्हणजे उसवून परत शिवायचं," तो म्हणाला.

"अगदी बरोबर! फक्त सुई कुठली वापरायची ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही."

बाईंची सुई म्हणजे एक पांढुरकी पूड. सूक्ष्मदर्शकाखाली, तोही साधासुधा नव्हे, खोलीभर पसरलेला, त्या पुडीच्या काड्या दिसायच्या. टायटॅनियमच्या ऑक्साइडच्या काड्या, केसापेक्षा हजारपट बारीक, आणि त्यांच्या अंगावर तांब्याचे ठिपके. उजेड काडीवर पडला की आत वीज सुटते, ती धावत ठिपक्याकडे जाते, आणि ठिपक्यावर येऊन टेकलेल्या नायट्रेटची मोडतोड सुरू होते. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. ठिपका मोठा झाला की वीज वाटेतच गुडूप. काड्या दाट झाल्या की उजेड आत शिरत नाही. आणि काम अर्ध्यावर थांबलं तर नायट्राइट तयार होतं, ते तर नायट्रेटपेक्षाही वाईट. बाई स्टीलच्या जाड भांड्यात द्रावण कोंडून भट्टीत ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी देवाचं नाव घेऊन झाकण उघडायच्या. कधी काड्या निघत, कधी नुसती ढेकळं. ढेकळं निघाली की त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

गेल्या वर्षी मात्र नशीब फळफळलं. बाईंनी तांब्याचे ठिपके आणखी बारीक केले आणि अमोनियाचा आकडा एकदम चढला. थोडाथोडका नव्हे, जगात कुठे कुणी छापला नव्हता इतका! सर, म्हणजे बाईंचे मार्गदर्शक, आठ वर्षांनी बाईंपेक्षा लहान. ते बाईंना 'मॅडम' म्हणत आणि बाई त्यांना 'सर', आणि दोघांनाही त्याची जरा लाजच वाटे. त्या दिवशी सर लाज विसरून टेबलावर थाप मारत म्हणाले, "मॅडम, जिंकलो!"

पण एकाने जिंकून चालत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातूनही तोच आकडा यावा लागतो. ते काम आलं चिमणीकडे. चिमणी म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी मुलगी, बोलली तर शेजारच्यालाही ऐकू येणार नाही म्हणून ते नाव. तीच पूड, तोच दिवा, तेच पाणी, आणि चिमणीचा आकडा नावाला येई. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर म्हणाले, "हात बसलेला नाही." बाईंनी तिला पदराखाली घेतलं. तिच्या मागे उभं राहून, मनगट धरून, पिपेट कशी धरायची इथपासून शिकवलं. "घाई करू नकोस. अगं, मान वर! तुझं लक्ष कुठाय?" शाळेतला तो आवाज बाईंनी शाळेत ठेवून यायला हवा होता, पण आवाज काय ठेवता येतो? सहा महिने हे चाललं. मधे दोनदा चिमणी डोळे सुजवून आली. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाली, आणि सगळ्यांनी ते खरं मानलं, कारण ते सोयीचं होतं.

आणि मग गेल्या महिन्यात तिचा आकडा जुळला! सलग दोनदा! सरांनी सगळ्यांना चहा पाजला. बाईंना तर स्वतःच्या आकड्यापेक्षा या आकड्याचा आनंद जास्त झाला, त्यांनी चिमणीला मिठीच मारली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "शिकवलं की येतंच."

आता लेख शुक्रवारी संध्याकाळी जायचा होता. तो छापून आल्याशिवाय बाईंना प्रबंध देता येणार नव्हता, आणि विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ संपत आली होती. यानंतर मुदत नाही. लेख अडला तर चार वर्षं पाण्यात, आणि शाळेतली खुर्ची तर केव्हाच दुसऱ्या कुणाची झाली होती. हे बाईंना माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि पडदे शिवणाऱ्यालाही माहीत होतं, म्हणून तो त्या आठवड्यात मुकाट्याने भांडी घासत होता.

बुधवारी सर सहज म्हणाले, "मॅडम, कोऱ्या पाण्याची चाचणी दीड वर्षापूर्वीची आहे. एकदा ताजी करून टाका."

कोरं पाणी म्हणजे ज्यात नायट्रेट नाहीच असं पाणी. पूड तीच घालायची, दिवा तोच लावायचा, फक्त नायट्रेट नाही. मग अमोनिया होणार कशाचा? कशाचाच नाही. शेवटी रंगाचं औषध घालायचं. अमोनिया असेल तर निळा रंग येतो, नसेल तर फिकट पिवळा. बाईंनी औषध घातलं, हात पुसले, आणि डबा खायला गेल्या. परत येऊन बघतात तर पाणी निळंशार!

बाईंनी आधी चष्मा पुसला. मग परीक्षानळीवरची चिठ्ठी वाचली. आपण नळ्यांची अदलाबदल केली, असं स्वतःला सांगून त्यांनी सगळं नव्याने केलं. पुन्हा निळं. बाईंचं डोकं भंजाळून गेलं. ज्या पाण्यात काही घातलंच नाही त्यातून हे आलं कुठून?

मग सुरू झाला शोध, आणि तो शोध कसला, नुसता गडबडगुंडा. आधी संशय पाण्यावर. नवं पाणी आणलं, पुन्हा निळं. मग पुडीवर. पूड न घालता केलं, तरी निळं! मग मात्र बाई हबकल्या, कारण पूडही नाही, नायट्रेटही नाही, तर उरलं काय? उरल्या बाई. माणसाच्या श्वासातही थोडा अमोनिया असतो हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून गुरुवारी सकाळी त्या नाकाला फडकं बांधून, श्वास रोखून, गाल फुगवून काम करायला लागल्या. चिमणीने दारातून पाहिलं आणि काही न विचारता गेली. हातमोजे बदलले. ओढणी काढून ठेवली. दिव्याऐवजी अंधारात, काळं पोलादी झाकण लावून केलं, तेव्हा मात्र रंग फिकट पिवळा. म्हणजे उजेड हवाच! उजेडात नुसत्या पाण्यातून अमोनिया? हे खरं असतं तर जगातली सगळी तळी घाण मारत सुटली असती. बाईंनी कपाळाला हात लावला.

"मला काहीच कळेनासं झालंय," त्या जेवताना म्हणाल्या. "वीस वर्षं पोरांना सांगत आले की काही नाहीतून काही निघत नाही. आणि माझ्याच नळीत निघतंय!"

"मग काहीतरी असणार," नवरा म्हणाला.

"काय पण सांगितलंस! एवढं मलाही कळतं!"

त्याने निमूटपणे आणखी एक पोळी वाढून घेतली. बाईंना लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायलाही डोकं शिल्लक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाईंनी वर्गातली जुनी युक्ती काढली. पोरगं गणितात अडलं की त्या म्हणायच्या, तोंडाने बोल, एकेक पायरी मोठ्याने बोल. आता प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि मोठ्याने बोलू लागल्या. "आता मी भांडं घेते. आता पाणी ओतते. आता काचेचं झाकण घेते. आता झाकण पुसते..."

आणि तिथेच त्या थांबल्या.

दिवा वरून लावलेला असायचा, आणि उजेड भांड्यात शिरायचा तो या काचेच्या झाकणातून. झाकणावर बोटांचे डाग असले तर उजेड कमी शिरेल, म्हणून बाई ते दरवेळी दोन्ही बाजूंनी लख्ख पुसायच्या. आधी स्पिरिटने पुसत. त्याचे पट्टे राहायचे, आणि पट्टे राहिलेली काच बाईंना बघवत नसे. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी खिडक्या पुसायची ती फवाऱ्याची बाटली आणली होती. फूस केलं की काच कशी आरशासारखी. अंधारातल्या चाचणीला पोलादी झाकण. ते कशाला पुसायचं? त्यातून उजेड थोडाच जायचाय!

बाईंनी बाटली उचलून मागचं लिहिलेलं वाचलं. त्यात अमोनियाच होता. मग एक थेंब स्वच्छ पाण्यात टाकला आणि रंगाचं औषध घातलं. पाणी बघता बघता निळं होत गेलं, शाईसारखं. काचेच्या झाकणाला बसवलेल्या रबरी कड्यात ते द्रव मुरत राहिलं होतं आणि वर्षभर थेंब थेंब भांड्यात उतरत होतं. म्हणजे जगात कुणी छापला नव्हता तो आकडा तांब्याच्या ठिपक्यांचा नव्हताच. तो बाईंच्या टापटिपीचा होता.

पायांखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते बाईंना त्या दिवशी कळलं. स्टुलावर बसल्या त्या बसूनच राहिल्या. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट हसू फुटलं, आणि ते हसू त्यांना स्वतःलाच वेड्यासारखं वाटलं.

आणि मग त्यांना चिमणी आठवली.

चिमणी कधीच झाकण पुसत नसे! त्यावरून तर बाईंनी तिला कितीदा टोकलं होतं. "एवढे डाग? शी!" आणि ती नुसती मान हलवायची. तिने ती बाटली हातात घेतल्याचं बाईंनी एकदाही पाहिलं नव्हतं. तिचं भांडं आणि झाकणही वेगळं, त्यात ते द्रव जायचं काही कारणच नाही. आणि तरीही तिचा आकडा जुळला होता, तोही दोनदा. मग बाटलीचा दोष कसा? की बाटलीमुळे थोडाच अमोनिया येतो आणि उरलेला सगळा खरा असतो? की बाटलीचं सगळं बाईंच्याच मनाचं? बाईंच्या डोक्याचा पार भुगा झाला, पण त्या भुग्यात आशेचा एक दाणा होता. चिमणीचा आकडा खरा असेल तर पूड खरी, लेख खरा, चार वर्षं खरी. शाळेतल्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी शंका घे. पण आता त्या बाई नव्हत्या, बुडणारं माणूस होत्या.

एव्हाना चिमणी आली होती आणि मोरीपाशी उभी राहून नळ्या विसळत होती. बाई तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या ओल्या हाताला धरून म्हणाल्या, "एक विचारू? खरं सांग हं. तू काचेचं झाकण पुसतेस का कधी? त्या फवाऱ्याने?"

"नाही बाई. सॉरी बाई. आजपासून पुसते."

"अगं, सॉरी काय म्हणतेस, छान झालं! फार छान झालं!" बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, कोरं पाणी, काळं झाकण, रबरी कडं. "माझा आकडा सगळा नासलेला आहे गं. पण तुझा नाही! तू पुसलंच नाहीस आणि तरी तुझा जुळला. आता तुझ्या एकटीच्या आकड्यावर सगळं उभं आहे. चल, सरांना सांगू."

चिमणी हलली नाही. नळाचं पाणी वाहत होतं, तेही तिने बंद केलं नाही.

"काय गं?"

ती काहीतरी बोलली. बाईंना ऐकू आलं नाही. बाईंनी नळ बंद केला.

"माझा जुळला नव्हता बाई," चिमणी म्हणाली. "मी जुळवला. दोन्ही वेळेला. तुमच्या आकड्यापेक्षा थोडासा कमी लिहिला, म्हणजे खरा वाटेल."

शाळेत अशी पोरं बाईंनी शेकड्याने पकडली होती. अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना तोंडपाठ होतं.

"का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुम्ही चुकणार नाही ना कधी. म्हणजे चुकत असणार मीच. सहा महिने माझंच चुकत होतं. मग मला वाटलं, बरोबर उत्तर तर माहीतच आहे, नुसतं माझ्या हाताला येत नाहीये. म्हणून लिहिलं." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीपेक्षा स्पष्ट होता. "तुम्ही त्या दिवशी मला मिठी मारलीत. तेव्हाच सांगणार होते."

बाईंना राग आला. भयंकर राग आला, आणि तो कुणाचा ते काही केल्या समजेना. या पोरीचा म्हणावा तर तिचे सहा महिन्यांचे बारके आकडे हेच या खोलीतले एकमेव खरे आकडे होते. आणि ते खोडून काढायला तिला बाईंनीच शिकवलं होतं, मनगट धरून, मागे उभं राहून, किती मायेने! स्वतःचा म्हणावा तर त्यांनी तरी मुद्दाम काय केलं होतं? काच पुसली होती.

"तू इथेच थांब," बाई म्हणाल्या. "सरांना मी सांगते."

पण चिमणी मागोमाग आलीच.

सर लेखाचं शेवटचं पान वाचत बसले होते. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं, बाटलीसकट. सर आधी हसले. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि मग त्यांच्याही मनात तोच दाणा आला, जो बाईंच्या मनात आला होता.

"पण मॅडम, थांबा. हिचा जुळलाय ना? ही तर झाकण पुसत नाही. मग हिचा कसा जुळला?"

चिमणीने तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या. "पुसते सर. मीच शिकवलं तिला. गेल्या महिन्यापासून तीही त्याच बाटलीने पुसते, म्हणूनच तर जुळला."

वीस वर्षांच्या मास्तरकीत बाई कुणासमोर असं धडधडीत खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांचे कान तापले. पण बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, बसतंय की हे. सगळं नीट बसतंय. पोरगी सुटते, चूक एकाच माणसाची राहते, आणि ते माणूस तसंही बुडालेलंच आहे.

"नाही सर," चिमणी म्हणाली. "मी नाही पुसलं कधी. मी आकडा वाढवून लिहिला."

सर एकदा तिच्याकडे बघत, एकदा बाईंकडे. त्या खोलीत त्या क्षणी सगळ्यात गोंधळलेलं माणूस तेच होते.

"मॅडम, मग तुम्ही आत्ता..."

"खोटं बोलले, सर," बाई म्हणाल्या. "काय करू ते मला कळेना."

लेखाचं काय, प्रबंधाचं काय, मुदतीचं काय, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तिघांनाही उत्तर माहीत होतं. शेवटी सरांनी समोरची पानं उलटी करून ठेवली आणि चिमणीला विचारलं, "तुझा येत होता तो आकडा किती?"

तिने सांगितला. इतका बारका होता तो, की सहा महिन्यांत तो कुणी पुरता ऐकूनही घेतला नव्हता. तिने सांगायला सुरुवात केली की सगळे 'परत कर' म्हणायचे.

"परत सांग," सर म्हणाले, आणि त्यांनी पेन उचललं.

तिने परत सांगितला, आणि या वेळी मोठ्याने. बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि तिला बसायला दिली.